सातशे चाळीस ग्रॅम शीतवायू जमा करून घेणेबाबत

दिनांक : २ फेब्रुवारी २०२६, सोमवार

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
शीतवायू संकलन व परतावा कक्ष,
विश्रामबाग, सांगली.

विषय : मौजे कुंडल, ता. पलूस येथील गावाच्या शीतपेटीतून काढलेला ७४० ग्रॅम गॅस जमा करून घेणेबाबत, अथवा तो पेटीत परत भरण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे प्रशिक्षण, दि. २० ते २२ जानेवारी २०२५.
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
३) आपले दि. ९ जानेवारी २०२६ चे पत्र (रिकामा सिलिंडर परत करणेबाबत).

महोदय,

मी, लालासाहेब नाथाजी सूर्यवंशी, वय ६३, निवृत्त हवालदार, राहणार कुंडल, आपणास पाचव्यांदा लिहीत आहे. आधीचे चार अर्ज आपल्याच कार्यालयात असल्याने त्यांच्या प्रती जोडलेल्या नाहीत. परंतु दरम्यान तीन अधिकारी बदलले, आणि प्रत्येक नवीन साहेब फोनवर "कसली पेटी?" असेच विचारतात. म्हणून सर्व हकीकत पहिल्यापासून मांडतो. लांबल्यास माफी असावी.

१. मी सैन्यात बावीस वर्षे फ्रीज-एसी मेकॅनिक होतो. निवृत्तीनंतर कुंडल स्टँडजवळ दुरुस्तीचे दुकान चालवतो. आमच्या गावात एका आड एक घरातला माणूस फौजेत आहे. घरी आई किंवा बाप वारला की पोरगा लेहला नाहीतर अरुणाचलात असतो, आणि अग्नी त्याच्याच हातून व्हावा असे सगळ्यांना वाटते. पूर्वी लादीवर लादी बर्फ आणून मयत माणूस थांबवत. उन्हाळ्यात ते काय होते ते लिहीत नाही. म्हणून सन २००९ साली गावाने आणि सुट्टीवर आलेल्या जवानांनी मिळून एक शीतपेटी घेतली. मयताला घरातच ठेवायची, वर काच असलेली, विजेवर चालणारी. पेटी बहात्तर तास सहज धरते. ती माझ्या ताब्यात दिली, कारण मला ते काम येते.

पेटीची मी एक नोंदवही ठेवली आहे. रकाने पाच : अनुक्रमांक, नाव, पेटी बसवली ती वेळ, काढली ती वेळ, आणि शेवटचा "कोणासाठी". सोळा वर्षांत १६३ नावे झाली. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "मुलगा, लेह" किंवा "मुलगा, तेजपूर" असेच आहे. एका ठिकाणी "धाकटी लेक, मेढा, एस.टी. चुकली" असे आहे. तिच्यासाठी चार तासच लागले, पण नोंद केली. ज्याच्यासाठी थांबवले तो पोचला नाही, असे सोळा वर्षांत दोनदाच घडले, आणि दोन्ही वेळा वर सीमेवर बर्फ पडला होता.

२. पेटीत आर-२२ हा गॅस होता. आम्ही लोक त्याला बावीसचा गॅस म्हणतो. आपल्या प्रशिक्षणात क्षमा मॅडमनी समजावून सांगितले की हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो, आणि शिवाय पृथ्वी तापवतो. एक किलो बावीस हवेत सोडला तर जवळजवळ अठराशे किलो धूर सोडल्यासारखे होते. मॅडम म्हणाल्या की हे नुकसान मुख्यत्वे श्रीमंत देशांनी आधी करून ठेवले, आपला देश विकसनशील असल्याने आपल्याला मुदत जास्त मिळाली आहे, पण करारावर सही आपण पण केली आहे, सन २०३० पर्यंत हा गॅस बंद करायचा आहे आणि ते तुमच्यासारख्या मेकॅनिकच्या हातात आहे.

महोदय, मला तोपर्यंत कोणीही असे काही सांगितले नव्हते. जुना गॅस म्हणजे नट ढिला करायचा, फुस्स आवाज होतो, आणि काम सुरू. फौजेत तसेच शिकलो आणि बाहेर तसेच केले. जेवणाच्या सुट्टीत मी कागदावर हिशोब मांडला. चाळीस वर्षांत माझ्या एकट्याच्या हातून साधारण अकराशे किलो गॅस वर गेला असावा. मी बाहेर येऊन विश्रामबागेत चौकात उभा राहून वर बघितले. काही दिसले नाही. दिसत नाही असे मॅडमनी आधीच सांगितले होते. पण मला लय वाईट वाटले, हे इथे नमूद करतो, कारण त्यानंतर मला तसे काही फारसे वाटलेले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्हा चौतीस जणांना उजवा हात पुढे करून शपथ देण्यात आली की यापुढे जाणूनबुजून गॅस हवेत सोडणार नाही. फौजेत एक शपथ घेतली होती, ती पाळली. ही दुसरी.

३. त्याच दिवशी विचारण्यात आले की जुने यंत्र नवीन गॅसवर बदलून घेण्यास प्रथम कोण तयार आहे. मी हात वर केला आणि गावाची पेटी सांगितली. कोणीही मला भाग पाडले नव्हते, ही चूक सर्वस्वी माझी आहे.

दि. ३ मार्च २०२५, सोमवारी, आपल्या कक्षाचे तीन जण कुंडलला आले. नवीन यंत्र सोबत नव्हते. ते पंधरा दिवसांत येईल, पण मार्चअखेरचा हिशोब द्यायचा असल्याने गॅस आजच काढून फोटो पाठवावा लागेल, असे सांगण्यात आले. मी स्वतः माझ्या हाताने गॅस काढला. थेंबही बाहेर गेला नाही. सिलिंडरमध्ये ७४० ग्रॅम भरला. फोटोत मी सिलिंडर धरून उभा आहे आणि मागे पेटी आहे. नंतर पेटीच्या यंत्राला आणि सिलिंडरला आपल्या कक्षाचे सील लावण्यात आले. सीलच्या पट्टीवर लिहिले आहे की सील तोडल्यास प्रस्ताव रद्द समजला जाईल व संबंधित तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र काढून घेण्यात येईल. सिलिंडर माझ्याच ताब्यात देण्यात आला. गाडीत जागा नव्हती.

४. पंधरा दिवसांनी यंत्र आले नाही. चौकशी केली असता समजले की सिलिंडर संकलन केंद्रात जमा झाल्यावरच यंत्र पाठवले जाते. मी सिलिंडर पिशवीत घालून एस.टी.ने निघालो. भिलवडीत कंडक्टरने पिशवीत काय आहे म्हणून विचारले. मी खरे सांगितले. त्याने मला सिलिंडरसह खाली उतरवले. त्याचे बरोबर होते, नियम तसा आहे. मी घरी परत येऊन दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर केंद्रात गेलो. तिथे सांगण्यात आले की दहा किलोपेक्षा कमी गॅस जमा करून घेता येत नाही. माझ्याकडे ७४० ग्रॅम. बाकीचा दुसऱ्या मेकॅनिककडून गोळा करून आणू का, असे विचारले, तर दोन यंत्रांतला गॅस एकत्र करण्यास मनाई आहे, असे उत्तर मिळाले. क्षमा मॅडमना फोन केला. त्या भल्या बाई आहेत. त्यांची बदली झाली होती. "काका, मी आता त्या प्रकल्पात नाही हो," असे म्हणाल्या आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

पलूसचा एक मेकॅनिक माझ्या ओळखीचा आहे. तोही चौतिसांत होता. तो म्हणाला, "आवं आण्णा, कुठली ब्याद घेऊन बसलाय? नट ढिला करा, वाऱ्यावर जाऊ द्या. कोण बघायला येतंय?" त्याचे नाव देत नाही.

५. दि. १९ मार्च रोजी आमच्या गावच्या तानुबाई वारल्या. त्यांचा मुलगा गुंडा त्या वेळी लेहला नोकरीस होता. त्यांचे दीर पेटी न्यायला दुकानात आले. मी त्यांना सील दाखवले. ते म्हणाले, "आण्णा, तुमी मनात आणलं तर पंधरा मिनिटांचं काम हाय." खरे आहे. गेज, पाइप, पंप सर्व माझ्याकडे आहे. सिलिंडर समोर होता. मी सांगितले की सील सरकारी आहे, नवीन यंत्र आठवड्यात येणार आहे, आणि मला ते तोडता येत नाही. पलूसलाही अशी एक पेटी आहे, पण ती त्या दिवशी दुसऱ्या गावी लागली होती. तानुबाईंना संध्याकाळी अग्नी दिला. दिराने दिला. गुंडा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तो माझ्या दुकानावरून चालत गेला आणि त्याने आत बघितले नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी दोन घरांना मी हेच उत्तर दिले. एकूण तीन.

६. दि. १७ एप्रिल २०२५, गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझी पत्नी रंगूबाई वारली. चूल पेटवायला उठली होती. आमचा एकुलता मुलगा जयराज, फौजेत नाईक, अरुणाचलात चौकीवर होता. चौकीपासून गाडीरस्ता एक दिवसाच्या चालीवर आहे. दुपारी निरोप पोचला. त्याने वायरलेसवरून कळवले : "आईला थांबवा. निघालो."

त्या दिवशी एक्केचाळीस अंश होते. पलूसची पेटी बिघडलेली होती. पुतण्या म्हणाला की सांगलीला शवागारात नेऊ. पण रंगूबाईने मला मागेच सांगून ठेवले होते, "मला घरातनंच उचला. दवाखान्याच्या फळीवर न्हेऊन ठिवू नगा." ती कधी काही मागणारी नव्हती. एवढेच मागितले होते.

आमची पेटी दुकानात होती. सिलिंडर तिच्याशेजारी होता.

अंगणात पन्नास माणसे जमली होती. सगळ्यांना पंधरा मिनिटांचे काम माहीत होते. शेवटी गुंडा पुढे आला. तानुबाईंचा गुंडा. तो पेन्शनवर नुकताच घरी आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "आण्णा, भरा गॅस. माझं काय मनात धरू नगा. आमचं व्हायचं त्ये झालं." त्याच्यापाठोपाठ बाकीच्या दोन घरांतलेही म्हणाले, भरा.

महोदय, ते रागाने म्हणाले असते तर कदाचित मी भरला असता. मी दुकानात गेलो, गेज हातात घेतला आणि सीलजवळ बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. लोकांच्या आईला सील आणि माझ्या बायकोला गॅस, हे मला जमले नाही. गेज खुंटीला अडकवला, दार ओढून घेतले आणि लाकडे सांगायला गेलो.

बर्फ आणला होता, तो चार वाजेपर्यंत पुरला. साडेपाचला पुतण्याने अग्नी दिला.

जयराज १९ तारखेला सकाळी सव्वादहा वाजता पोचला. आम्ही नदीवर रक्षा भरत होतो. सहा दहापासून सव्वादहापर्यंत, म्हणजे बावन्न तास पाच मिनिटे. पेटी बहात्तर तास धरते. जवळजवळ वीस तास शिल्लक राहिले असते.

घरी आल्यावर त्याने नोंदवही काढून शेवटचे पान बघितले. त्यात त्याच्या आईचे नाव नाही. पेटी वापरली नाही तर नोंद होत नाही. मग दुकानात जाऊन त्याने सिलिंडर उचलून हातावर तोलला. "ह्यात हाय व्हय?" असे विचारले. मी हो म्हणालो. त्याने तो जागच्या जागी ठेवला आणि म्हणाला, "आण्णा, पंधरा मिनिटं." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. सुट्टी दोन दिवस शिल्लक असताना परत गेला. सूनबाई अंकिता माझ्याजवळ असते. रविवारी त्याचा फोन येतो. ती फोन कानाला लावून माझ्याकडे बघते, "आण्णांना देऊ का?" असे विचारते, थोडे थांबते आणि "बरं" म्हणते. मग मला सांगते की रेंज गेली.

मला त्याचा राग नाही. आपलाही नाही. आता कसलेच काही येत नाही. जेवण जाते, झोप लागते, दुकान उघडतो.

७. दर सोमवारी मी सिलिंडरचे वजन करतो आणि लिहून ठेवतो. आजपर्यंत एकोणपन्नास वेळा केले. आत ७४० ग्रॅम आहे. एक ग्रॅमही कमी झालेला नाही. या कामात माझ्याकडून हलगर्जीपणा झाला नाही, एवढे तरी आपल्या दप्तरी नोंद व्हावे.

८. आता आपले दि. ९ जानेवारीचे पत्र. त्यात कळवले आहे की प्रकल्पाचा कालावधी संपल्याने सिलिंडर दि. २८ फेब्रुवारीपूर्वी रिकामा करून परत करावा, आणि सोबत गॅस हवेत सोडला नसल्याचे स्वयंघोषणापत्र जोडावे.

सदर पत्र मी अनेकदा वाचले. अंकितालाही वाचायला दिले, ती बी.एस्सी. आहे. सिलिंडर रिकामा करायचा आणि गॅस हवेत सोडायचा नाही, तर तो कुठे जायचा? गिळायचा म्हटले तरी तशी सोय नाही. पंचवीस देशांच्या सह्या असोत नाहीतर दीडशेच्या, माझ्या दुकानात गॅस जाण्याच्या जागा दोनच आहेत. एक आभाळ आणि एक पेटी. आभाळाची मी शपथ घेतली आहे आणि पेटीला आपण सील लावले आहे.

त्याच पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात असेही आहे की पेटी सहा महिन्यांहून अधिक काळ वापरात नसल्याने ती भंगार समजण्यात आली असून नवीन यंत्रास अपात्र आहे. ती वापरात का नाही, याचे उत्तर तिच्या सीलवर आपल्याच कक्षाच्या शिक्क्यात आहे.

९. करिता पुढीलपैकी कोणताही एक आदेश लेखी द्यावा. ७४० ग्रॅम आहे तसा जमा करून घ्यावा आणि ठरल्याप्रमाणे नवीन यंत्र द्यावे. ते शक्य नसल्यास सील काढून हाच गॅस याच पेटीत परत भरण्याची परवानगी द्यावी. बंद यंत्रात फिरणारा गॅस वर जात नाही, हे क्षमा मॅडमनीच शिकवले आहे, आणि पेटी पुढेमागे खरेच मोडीत निघेल तेव्हा मी किंवा गुंडा तो पुन्हा काढून ठेवू. गुंडाला मी सर्व काम शिकवले आहे, तो रोज दुकानात येतो. आणि यातले काहीच जमत नसेल तर "गॅस हवेत सोडावा" असे आपल्या सहीने लिहून पाठवावे. तोंडी चालणार नाही. सोडीन की नाही ते मी तेव्हा ठरवीन, पण कागद हातात असावा.

सील मी स्वतः तोडू शकतो, हे आपल्याच एका साहेबांनी फोनवर सुचवले तसे मलाही माहीत आहे. कोणी बघायला येणार नाही. परंतु मी आज ते परवानगीशिवाय तोडले, तर तानुबाईंना का थांबवले नाही, त्या दोन घरांना का परत पाठवले आणि रंगूबाईला पोरगा पोचायच्या आत का उचलले, याचे उत्तर माझ्याकडे उरत नाही. सध्या निदान ते एक उत्तर आहे. तेही गेले तर मी काय करावे, हे मला कळत नाही.

१०. शेवटची बाब सहानुभूतीसाठी नव्हे, मुदत ठरवण्यास सोपे जावे म्हणून लिहितो. डिसेंबरात मिरजेच्या डॉक्टरांनी माझे हृदय तपासले. ते चौथा हिस्सा काम करते. किती दिवस, असे मी विचारले. त्यांनी उन्हाळा सांभाळा म्हणून सांगितले. जयराजची चौकी तीच आहे. वाट तीच आहे. तो बोलत नसला तरी निरोप पोचल्यावर निघेल, याबद्दल मला शंका नाही. तो माझा मुलगा आहे. त्याला बावन्न तास लागतात. कमीत कमी तेवढे मला थांबता यावे. त्याला दुसऱ्यांदा रक्षेवर यावे लागू नये, एवढ्याचसाठी हा अर्ज आहे. बाकी मला काही नको.

नोंदवहीत १६४ क्रमांकाची ओळ मी आखून ठेवली आहे. नाव, बसवली ती वेळ आणि काढली ती वेळ हे तीन रकाने गुंडा भरील. शेवटच्या रकान्यात मी माझ्या अक्षरात "जयराज" लिहिले आहे.

उत्तर मार्चपूर्वी यावे. पोस्टाने पाठवल्यास अंकिताच्या नावे पाठवावे.

आपल्या कक्षाचा प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञ व नम्र अर्जदार,

(सही)
लालासाहेब नाथाजी सूर्यवंशी
हवालदार (निवृत्त)
मु. पो. कुंडल, ता. पलूस, जि. सांगली

सोबत :
१) प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र व शपथपत्राची प्रत.
२) दि. ३ मार्च २०२५ चा फोटो. (सिलिंडर धरलेला मी. दाराशी अर्धी दिसते ती रंगूबाई. सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती.)
३) सिलिंडरच्या वजनाचा तक्ता, एकोणपन्नास सोमवार.
४) मिरजेच्या डॉक्टरांचा अहवाल.
५) नोंदवहीच्या शेवटच्या पानाची प्रत. अ. क्र. १६४ अपूर्ण आहे, ती चूक समजू नये.